पाळकबाईंचे अकरा धडे

छापखाना, मागची खोली
३ फेब्रुवारी

ताई,

तुझं बाड पोचलं. भाऊजींनी वर चिठ्ठी टाचली होती, 'मेहुणीबाईंच्याच हातून छपाईचे खिळे जुळावेत अशी इच्छा', म्हणून मालकांनी ते सरळ माझ्या पुढ्यात आणून टाकलं. मालक म्हणजे आमचे चष्मेकाका. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर आणि तिसरा कुठे ठेवला म्हणून सकाळपासून शोधाशोध.

तर, 'विवाहाचे अकरा धडे : पवित्र शास्त्रातील स्त्रियांच्या जीवनातून. लेखिका, पाळकबाई.' मला केवढा आनंद झाला! माझी ताई लेखिका! जेवण बाजूला ठेवून वाचायला बसले. तिसऱ्या धड्याला आले आणि डबा तसाच झाकला. खोटं नाही सांगत. परवा आमच्या खळीच्या भांड्यात झुरळ निघालं, फुगून पांढरं झालेलं. मी ते चिमटीत धरून फेकलं आणि पाच मिनिटांनी त्याच हाताने जेवले. (हात धुतला होता. बहुतेक.) मला किळस सहजासहजी येत नाही. तुझ्या धड्यांनी आली.

'साराने पतीला धनी म्हटले. त्याच्या शब्दाखातर ती परक्या राजाच्या महालातही आनंदाने गेली.' आनंदाने? मी सातवीत शाळा सोडली (शाळा म्हणेल तिनेच मला सोडलं), पण रविवारच्या वर्गाला बिस्किटांसाठी का होईना बसायचे मी. तिच्या त्या नवऱ्याने स्वतःची मान वाचावी म्हणून बायकोला बहीण म्हणून सांगितलं. राजाने तिला उचलून नेलं आणि याच्या दावणीला मेंढरं, गाढवं, उंट येऊन उभे राहिले. ते तू सगळं गाळलंस. उंट गाळलेस, ताई! एवढा मोठा प्राणी!

उंटावरून आठवलं, मागच्या वर्षी सर्कशीच्या दारात तिकिटं फाडत होते तेव्हा एक उंट माझ्या अंगावर थुंकला. तीन दिवस शेजारी कोणी बसेना. मग नोकरी सोडली, म्हणजे होडीवर गेले, पण ते जाऊ दे. काय सांगत होते? हां. लोटाची बायको.

'विवाहितेने माहेराकडे वळून पाहू नये. लोटाच्या पत्नीने पाहिले आणि ती मिठाचा खांब झाली.' प्रत्येक धड्याच्या कोपऱ्यात तू बारीक तारीख घातली आहेस. या धड्याची तारीख मी दोनदा वाचली. आईला मातीत ठेवलं त्यानंतरचा पाचवा दिवस! आदल्या दिवसापर्यंत आपण दोघी तिचं कपाट आवरत होतो. तू दोन दिवस जास्त राहिलीस, तिची लोकरीची शाल नाकाशी धरून रडलीस, आणि घरी जाऊन हे लिहिलंस?

खरं सांग, हे तू लिहिलंस का? अक्षर तुझंच आहे, ती लांब शेपटीची वेलांटी मी कुठेही ओळखेन. पण अक्षर सोडलं तर बाकी एकही शब्द ओळखीचा नाही. माझ्या वेण्या ओढणाऱ्या दूधवाल्याच्या पोराला हौदात बुचकळून काढणारी ती तूच ना? एवढं एक सांग. हो किंवा नाही. बाकी काही नको.

तुझी,
भिंगरी


पाळकांचे निवासस्थान
११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या बहिणीस,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मिळाले. यांनी चहा घेताना मोठ्याने वाचून दाखवले. उंटांच्या ओळीला यांना हसू आले. मेहुणीबाई हुशार आहेत, फक्त एका जागी बसत नाहीत, असे म्हणाले.

तू विचारले आहेस, त्याचे उत्तर असे की अक्षर माझे आहे, तेव्हा लेखनही माझेच. शंका घेण्याचे कारण नाही. हे धडे लिहिताना मला माझ्या उणिवा दिसल्या, आणि इतर मुलींना त्या वेळेवर दिसाव्यात एवढाच हेतू आहे.

मार्चच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर, लग्न ठरलेल्या मुलींच्या वर्गात पहिले वाचन ठेवले आहे. मी वाचणार आहे. तरी तीनशे प्रती त्याआधी पोचाव्यात. तारखा छापू नयेत, त्या घरच्या नोंदीसाठी आहेत. मजकुरात कानामात्रेचाही फरक करू नये, असे यांनी सांगितले आहे.

आईची शाल देऊन टाकली. जुन्या वस्तूंचा मोह बरा नव्हे.

तुझी बहीण


छापखाना
१९ फेब्रुवारी

आधी भाऊजींना नमस्कार, कारण पाकीट तेच फोडणार.

आता ताई, तुला. मी हो किंवा नाही मागितलं होतं, तू नोटीस पाठवलीस. तुझं पत्र वाचताना अंगावर पाल पडल्यासारखं झालं. आणि शाल देऊन टाकलीस? कोणाला? मी काय मेले होते? त्या शालीला आईच्या केसांचा वास होता. मी चार गावं बदलली, नऊ नोकऱ्या सोडल्या, माझ्याकडे तिची एक टाचणीसुद्धा नाही. तुझ्याकडे शाल होती, म्हणून मला चालत होतं.

दिवसभर तुझी वाक्यं जुळवते. एकेक खिळा उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. 'स्त्रीने शरीराचे निमित्त पुढे करू नये', हा तुझा राहेलचा धडा. उलटं वाचलं तरी तितकंच घाण. 'नावडत्या पत्नीने तक्रार न करता पुत्र द्यावेत, लेआप्रमाणे.' हे वाचून कोणाची तरी पोर बोहल्यावर चढणार, आणि खाली नाव माझ्या बहिणीचं. छापखान्यातल्या मांजराने परवा उंदीर अर्धा खाऊन माझ्या स्टुलावर ठेवला, मला वाटलं तोसुद्धा वाचून गेला.

प्रुफं तपासायचं काम चष्मेकाकांचं. पण तिसरा चष्मा सापडेना, म्हणून म्हणाले, "तुझीच बहीण आहे, तूच बघ आणि छाप." बघितली. छापली. गठ्ठे उद्याच्या गाडीने निघतील. अबीगईलचा धडा तरी शास्त्राला धरून झाला आहे, एवढी खात्री देते.

यापुढे मी लिहीन असं वाटत नाही. लेखिकाबाईंना वाचायला पुष्कळ आहे.

भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

तुझ्या कानाखाली एक द्यावी असं वाटतंय आणि लगेच पोटाशी धरावं असंही. कुठलं आधी, ते ठरत नाही.

हे पत्र शिवणबाईंच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाशी उभी राहून लिहितेय. पडद्यांचं माप द्यायला जाते असं घरी सांगितलं. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठव. त्या आमच्या महिला मंडळातल्या, तोंडाच्या फटकळ आणि पोटाच्या पक्क्या.

आमच्या वर्गाची एक रीत तुला ठाऊक नव्हती. धडा मी वाचते, आणि शेवटची ओळ सगळ्या बायका उभ्या राहून एकसुरात म्हणतात. तशाने ती मनात बसते असं यांचं म्हणणं. तुला वाटलं असणार, बायका पुस्तिका घरी नेतील, एकट्या वाचतील, गालात हसतील. इथे तेवीस जणी होत्या, चौघींची लग्नं ठरलेली, आणि हे दारात उभे.

मी अबीगईल उघडली. धडा मला पाठ आहे, पण छापलेलं अक्षर नवं आणि सुबक, म्हणून बघून वाचत गेले. 'आपला नवरा नाबाल मूर्ख आहे, हे अबीगईलने घरावर चालून आलेल्या दावीद आणि त्याच्या चारशे हत्यारबंद माणसांसमोर स्वच्छ सांगितले.' इथे थांबले. खाकरले. पुढची ओळ दिसत होती. मला गप्प बसता आलं असतं, भिंगरे. पानं चिकटलीत म्हणता आलं असतं. तसं म्हटलं नाही. वाचलं. आणि सगळ्या उठून खणखणीत म्हणाल्या, 'अबीगईलने नवऱ्याला विचारले नाही, म्हणून घर वाचले.'

हे नेहमी दारातून ओठ हलवत साथ देतात. त्यांचे ओठ जुन्या ओळीवर निघाले होते, 'अबीगईल लवली, म्हणून घर वाचले.' मध्येच थांबले, तोंड तसंच अर्धं उघडं. मागच्या बाकावरून शिवणबाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणू या का, बाई? मला नीट ऐकू नाही आलं." कोणीतरी फिस्सकन हसलं. मग कोण कुठे हसतंय तेच कळेना.

आता तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर. हात माझा. वाक्यं यांची.

हे कधी आवाज चढवत नाहीत, हात उगारत नाहीत. मंडळीत सगळे म्हणतात, इतका मऊ माणूस बघितला नाही. माझं काही चुकलं की ताट बाजूला सारतात, अभ्यासाच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर मला बसवतात, पुढे कागद ठेवतात आणि शास्त्रातली एक बाई नेमून देतात. ते सांगणार, मी लिहिणार. त्यांच्या मनासारखं होईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. झालं की कोपऱ्यात तारीख. पाहुण्यांसमोर मी त्यांचं बोलणं सुधारलं, तेव्हा सारा. आईच्या घरी दोन दिवस जास्त राहिले, तेव्हा लोटाची बायको. शालही त्याच दिवशी गेली. कोणाला दिली, मला सांगितलेलं नाही.

आणि राहेल. बापाच्या मूर्ती उंटाच्या खोगिरात लपवून ती त्यावर बसून राहिली, आणि म्हणाली, मला उठता येत नाही, बायकांचं आलंय. त्या दिवशी मी दुसराच धडा लिहीत होते आणि माझी पाळी आली. दोनदा सांगितलं, उठू द्या. "ओळ पुरी कर." ओळीमागून ओळ निघत गेली, दुपार सरली. वेतातून खाली फरशीवर गेलं, भिंगरे. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. फक्त म्हणाले, "आज राहेल घेऊ."

अकरा धडे म्हणजे माझ्या अकरा चुका. यांना ते इतके आवडले की वाटलं, छापावेत, इतर मुलींच्याही उपयोगी पडतील.

परवाच्या वाचनानंतर यांनी दारातच सगळ्या प्रती परत घेतल्या. घरी आल्यावर मीखल नेमली, नवऱ्याला मनातून तुच्छ मानणारी. मी बसले. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, पण हात हलला नाही. पहिल्यांदाच. संध्याकाळी तेच कंटाळून उठले. आता शुद्धिपत्र छापून घ्यायचं म्हणतात. पुढे काय होईल मला माहीत नाही. तुझ्यावर रागही आहे. तू गंमत केलीस, आणि त्या खोलीत मी बसते.

ताई


छापखाना
१४ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मागच्या अंगणात गेले आणि ओकले. मग तिथेच बसले. चष्मेकाका बाहेर आले, म्हणाले, काय खाल्लंस? म्हटलं, अकरा धडे.

त्याची किळस आली त्याहून जास्त माझी आली. शाल देऊन टाकलीस म्हणून मी तुला काय काय लिहिलं! तीन आठवडे शिव्या घातल्या, सगळ्या चुकीच्या माणसाला. आणि जुळवले कोणी ते धडे? मीच, या दोन हातांनी. नखांतली शाई निघत नाही. रॉकेलने घासली, आता बोटांना रॉकेलचा वास, तो शाईपेक्षा वाईट. फक्त अबीगईलचा धडा बदलला, तोसुद्धा तुला चिडवायला. बाकीच्या दहाजणींना हात लावला नाही तो निव्वळ आळसाने. आणि ती एकसुरात म्हणायची रीत मला खरंच ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर? माहीत नाही. कदाचित तरीही केलं असतं. मी तशीच आहे.

त्याचं शुद्धिपत्र काल आलं. (भाऊजी म्हणणं आजपासून बंद.) ऐक : 'पुस्तिकेतील विपरीत मजकूर लेखिकेच्या दुर्बल मनःस्थितीतून उतरला असून, त्याबद्दल ती पती व मंडळी यांची क्षमा मागते.' काकांनी नाकावरचा आणि कपाळावरचा, दोन्ही चष्मे एकावर एक चढवून वाचलं. म्हणाले, "चूक छापखान्याची आणि माफी बाईची? हे माझ्या यंत्रावर चढणार नाही." काकांना मी सगळं सांगून टाकलं. रागावशील, तर रागाव.

पण खालची ओळ वाच. 'प्रती परत पाठवीत आहे. लेखिका स्वतः सोबत येऊन प्रत्येक प्रतीत स्वहस्ते शुद्धिपत्र चिकटवील. त्यातच तिचे हित आहे.' कळलं का, ताई? शिक्षा म्हणून तो तुला इथे पाठवतोय! तुला खाली मान घालून तीनशे वेळा स्वतःची माफी चिकटवायला लावायची, एवढंच त्याला दिसतंय. दार तो स्वतःच उघडतोय हे त्या शहाण्याच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही.

ये. इथे माळ्यावर माझी खोली आहे. खिडकी लागत नाही, कबुतरं येतात, त्यातलं एक लंगडं आहे, त्याची गोष्ट नंतर सांगेन. परत जायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्या वतीने आता काही ठरवणार नाही. एकदा ठरवलं, ते तुला भोगावं लागलं.

भिंगरी


२१ मार्च

भिंगरे,

शुक्रवारच्या गाडीने येतेय. सहा गठ्ठे आहेत, स्टेशनवर हातगाडी घेऊन ये. यांनी सोमवारचं परतीचं तिकीट काढून दिलंय आणि प्रवासात म्हणायची प्रार्थना लिहून दिली आहे. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवणार आहेत, असं आधीच सांगून ठेवलंय.

तू लगेच नाचू नकोस. मला भीती वाटते. तेरा वर्षांचं घर आहे. अंगणातलं लिंबाचं झाड मी लावलं. मंडळातल्या दोघींची बाळंतपणं मी केली. परत गेले नाही तर त्या माझ्याबद्दल काय ऐकतील, ते मला आत्ताच ऐकू येतंय. आणि परत गेले तर खुर्ची आहेच.

कागद मात्र तयार ठेव. शुद्धिपत्र मी लिहिणार आहे. कोणी सांगायला नको. खिळे कसे जुळवतात तेवढं शिकव.

ताई


छापखाना
२ एप्रिल

शिवणबाई,

सलाम. तुम्ही विचारलंत, बाई पोचल्या का, बऱ्या आहेत का, आणि पाळकसाहेब सांगतात त्याप्रमाणे त्यांना खरंच वेड लागलंय का. पोचल्या. बऱ्या म्हणवत नाही. वेड मलाच आहे, ते लहानपणापासून.

शुक्रवारी ताई उतरली तेव्हा गठ्ठ्यांवर हात ठेवून उभी होती, जणू कोणी पळवून नेईल. खोलीवर आल्यावर मी खुर्ची पुढे केली. नको म्हणाली. जेवलीसुद्धा उभ्याने, खिडकीपाशी. मी बडबड करत सुटले, कबुतराची गोष्ट, सर्कस, होडी, आणि मध्येच ती म्हणाली, "भिंगरे, जरा गप्प बस. मला वाक्य सुचतंय." गप्प बसायचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

दोन दिवस तिने खिळे ओळखण्यात घालवले. सोमवारी जुळवायला लागली. परतीची गाडी पाचची. मी घड्याळाकडे बघत नव्हते आणि काका माझ्याकडे बघत नव्हते. तिने मान वर न करता विचारलं, "किती वाजले?" काका म्हणाले, "साडेपाच." ती म्हणाली, "बरं." आणि मला म्हणाली, "'ळ'चा खण कुठला? मघापासून सापडत नाही." मग थोड्या वेळाने तिच्या हातून खिळ्यांची एक अख्खी ओळ सांडली. रडली. मी खाली बसून खिळे वेचले. हे सगळं तुम्हाला सांगते, कारण तुमच्याकडे वेगळं सांगतील.

पाळकसाहेबांची रोज एक तार येते. कालच्या तारेत होतं, 'खुर्ची वाट पाहते आहे.' तुमच्या पोस्टमास्तरांना ते प्रेमाचं वाटलं असेल. ताईने तार वाचली आणि खळीच्या भांड्याखाली घातली, टेबलाला डाग पडू नये म्हणून.

तीनशे प्रतींत तिने शुद्धिपत्र स्वतःच्या हाताने चिकटवलं, त्यांनी सांगितल्याप्रमाणेच. सगळं उभ्याने. गठ्ठे पडद्यांच्या कापडाखाली घालून तुमच्या पत्त्यावर पाठवले आहेत. येत्या रविवारी त्या चार मुलींना आधी द्या. बाकीच्या मग मंडळातल्या सगळ्यांना. एक पाळकसाहेबांनाही. वर्गात वाचायचं ठरलं तर शुद्धिपत्रही वाचा. एकसुरात म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. शब्द खाली उतरवते, म्हणजे गठ्ठा कोणी अडवला तर तुमच्याकडे राहतील. यात माझा एक कानामात्रासुद्धा नाही.

शुद्धिपत्र

पान ३, सारा. 'आनंदाने गेली' असे छापले आहे. 'तिला कोणी विचारले नाही' असे वाचावे.

पान ७, लोटाची पत्नी. 'वळून पाहू नये' याऐवजी 'तिची आई पाच दिवसांपूर्वी गेली होती' असे वाचावे.

पान १२, अबीगईल. मजकूर बरोबर आहे. तसाच राहू द्यावा.

पान १९, राहेल. 'निमित्त' असे छापले आहे. तिने दोनदा सांगितले होते.

उरलेले सात धडे वाचू नयेत. मुलींनी मूळ शास्त्र उघडावे आणि गाळलेले शोधावे.

मुखपृष्ठ. 'लेखिका, पाळकबाई' ही ओळ काढून टाकावी. त्या जागी काही घालू नये.